‘काही नाही, पोहे कालवायचो’ : थंड चुलीचा इतिहास कसा शोधायचा?

उन्हाळा लागला की मला माझी पहिली सिनॉप्सिस आठवते आणि अजूनही थोडी लाज वाटते. विषय मोठ्या उत्साहाने निवडला होता : महाराष्ट्रातलं उन्हाळ्यातलं रात्रीचं जेवण. डोक्यात चित्र अगदी पक्कं होतं. वैशाखातला उकाडा, घरात चूल, आणि आपल्या आज्या-पणज्या एवढ्या शहाण्या की त्या संध्याकाळी चूल पेटवायच्याच नाहीत. दहीपोहे, ताकभात, सातूचं पीठ, आंबील. स्वयंपाकघर थंड, पोटही थंड. या ‘पारंपरिक शहाणपणा’वर प्रबंध लिहायचा, बस्स.

पहिली मुलाखत अर्थातच घरातली. आजी साताऱ्याकडची. तिला विचारलं, “आजी, उन्हाळ्यात रात्रीला काय करायचात गं?”

“काय करायचं? काही नाही. पोहे कालवायचो.”

मी वहीत लिहिलं : ‘उन्हाळ्यात रात्री स्वयंपाक करत नसत.’ पुढच्या आठवड्यात गाइड मॅडमनी ते वाक्य वाचलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “काही नाही म्हणजे काय? पोहे झाडाला लागतात का?”

माझं पुढचं सगळं काम या एका प्रश्नातून निघालं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, विषय शोधताय. म्हणून आज निष्कर्षांपेक्षा तिथवर कसं पोचायचं ते सांगते. उन्हाळ्यातलं साधं जेवण हे त्यासाठी फार चांगलं उदाहरण आहे.

पदार्थ नको, विस्तव शोधा

मॅडमनी मला घरचा अभ्यास दिला. ‘बिनविस्तवाचा’ म्हणून मी यादीत घातलेला प्रत्येक पदार्थ घ्यायचा आणि त्याच्यासाठी विस्तव कुठे पेटला, कधी पेटला आणि कोणी पेटवला हे लिहायचं. करून बघा, मजा येते.

पोह्यांपासून सुरुवात केली. पोहे म्हणजे कच्चे तांदूळ नव्हेत. साळ भिजवायची, तापलेल्या भांड्यात किंवा वाळूत भाजायची आणि गरम आहे तोवर कुटून चपटी करायची. म्हणून तर पोहे नुसत्या पाण्याने, ताकाने किंवा नारळपाण्याने मऊ होतात. कोकणातल्या दडप्या पोह्यांना ओलं खोबरं, कांदा, लिंबू लावून दडपून ठेवलं की झालं. लागली तर एक फोडणी. रात्री घरात विस्तव नाही हे खरं. पण तो आधीच पेटून गेलेला असतो, कदाचित पेणच्या एखाद्या भट्टीत.

सातूच्या पिठाचंही तेच. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळलेली असते, म्हणून गूळ आणि पाणी किंवा दूध घालून तसंच खाता येतं. मेतकुटातल्या डाळी, तांदूळ आधी भाजलेले. दह्याचं दूध आधी तापवलेलं. दहीभाताचा भात सकाळी शिजलेला. आंबिलीचं पीठ रात्रभर आंबवलं तरी ते शिजवावं लागतंच. नंतर गार करून त्यात ताक घालायचं.

म्हणजे ‘चूल न पेटवता केलेलं जेवण’ असं काही माझ्या यादीत जवळजवळ नव्हतंच. विस्तव फक्त हलवलेला होता. कधी तो घरातून भडभुंज्याच्या भट्टीवर गेला होता, कधी संध्याकाळवरून पहाटेवर, तर कधी एका दिवसावरून दुसऱ्या दिवसावर.

यातल्या तिसऱ्या प्रकाराचा पुरावा थेट पंचांगात सापडतो. आपल्याकडे श्रावणात शुद्ध पक्षात शीतला सप्तमी येते. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं खायचं. गुजरातेतही श्रावणात सातमला चूल थंड ठेवतात, आणि त्याच्या आदल्या दिवसाला तिथे नावच आहे : रांधण छठ. थंड चुलीच्या दिवसामागे दुप्पट रांधायचा दिवस उभा असतो हे त्या भाषेने नोंदवून ठेवलंय. सण उन्हाळ्यातला नाही, पण तत्त्व तेच.

साधनं काय सांगतात आणि कुठे गप्प बसतात

आता साधनांकडे येऊ. इथे नवीन विद्यार्थी हमखास फसतात. मीही फसले.

उन्हाळा आणि आहार म्हटलं की सगळ्यात आधी चरकसंहिता उघडली जाते. सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात ऋतुचर्या आहे. ग्रीष्मात गोड, थंड, पातळ, स्निग्ध खावं, साखर घातलेला थंड मंथ घ्यावा, तूप-दुधाबरोबर साळीचा भात खावा. आंबट, खारट, तिखट टाळावं. मंथ म्हणजे थंड पाण्यात घुसळलेलं सातूचं पीठ. मला वाटलं, सापडलं! आपल्या सातूची परंपरा थेट चरकापर्यंत.

पण त्याच भागात पुढे वाचा. दिवसा थंड घरात झोपावं, रात्री चांदण्याने गार झालेल्या गच्चीवर, अंगाला चंदन लावून. पंख्याचा वारा घ्यावा, मोती-रत्नं ल्यावीत. हा सल्ला कोणाला दिलाय? जो पंख्याखाली बसलाय त्याला. पंखा हलवणारा, सातू भाजणारा, साळीचा भात शिजवणारी यांनी ग्रीष्मात कसं राहावं हे तिथे येत नाही. ग्रंथ खोटं बोलत नाही, पण तो ‘काय करावं’ ते सांगतो. ‘लोक काय करत होते’ हा वेगळा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की प्रबंध घसरलाच म्हणून समजा.

दुसरं साधन म्हणजे गॅझेटियर. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मालिकेतला पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड 1885 चा, तीन भागांत. त्यात जातवार नोंदी आहेत : कोण काय खातं, सणाला काय करतं, खर्च किती. भडभुंज्यांचीही नोंद आहे. म्हणजे शहराचा काही विस्तव व्यवसाय म्हणून एका समाजाच्या भट्टीवर होता, हे कळतं. पण या नोंदी जातीचं ‘नेहमीचं’ जेवण सांगतात. वैशाखातल्या मंगळवारी रात्री ताटात काय होतं आणि ते कोणी वाढलं, हे विचारायला गेलात तर हाती फारसं लागत नाही.

तिसरं साधन म्हणजे पाकपुस्तकं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 चं, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 ची. दोन्ही वाचायलाच हवीत. फक्त एक लक्षात ठेवा : पाकपुस्तक कृती सांगण्यासाठी असतं. ज्याला कृती लागत नाही असं रोजचं जेवण, म्हणजे भाकरी कुस्करून त्यावर ताक, किंवा तेल-तिखट-मीठ लावलेले पोहे, त्याला अशा पुस्तकात जागा मिळणं अवघडच. पुस्तकात सापडलं नाही म्हणजे घरात नव्हतं, असं होत नाही.

प्रश्न बदलला, उत्तर बदललं

एवढं झाल्यावर मी पुन्हा आजीकडे गेले. या वेळी ‘रात्री काय करायचात’ असं विचारलं नाही. विचारलं, “उन्हाळ्यात चूल पहिल्यांदा कधी पेटायची?”

आजी लगेच म्हणाली, “पहाटे चारला. कुरडयांचा चीक असला तर तीनला.”

आणि मग ती तासभर बोलत होती.

कुरडया करायच्या तर गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा. मग मोठ्या पातेल्यात चुलीवर तो शिजवायचा. घट्ट व्हायला लागला की गुठळी होऊ नये म्हणून लाकडी दांड्याने सतत घोटायचा. हात थांबवायचा नाही. गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, कारण गार झाला की तो उतरत नाही. आणि ऊन चढायच्या आत सगळं अंगणात जायला हवं. पापड, सांडगे, शेवया यांचीही हीच मोसमाची घाई.

“हात भाजायचे,” आजी म्हणाली. “धुराने डोळे चुरचुरायचे. त्या दिवशी रात्री परत कोण चूल पेटवतंय? सासूबाईच म्हणायच्या, आज काही नको, पोहे कालवा.”

माझी पहिली सिनॉप्सिस इथे मोडली. मी समजत होते की उन्हाळ्यात स्वयंपाकघर थंड असायचं. प्रत्यक्षात वर्षातली सर्वांत तापदायक कामं उन्हाळ्यातच होती, कारण वाळवणाला ऊन तेव्हाच मिळतं. रात्रीचे पोहे निदान या घरात तरी आयुर्वेदातून आले नव्हते. ते दमलेल्या बायकांनी मिळवलेल्या सुट्टीचे होते. आजीच्या ‘काही नाही’मध्ये पहाटे तीनपासूनचा दिवस होता. तो दिवस तिच्या लेखी ‘काम’ नव्हता, म्हणून तिने सांगितला नाही. मी विचारला नाही, म्हणून मला दिसला नाही.

आणखी एक गोष्ट. गार जेवण सगळ्या घरांत एकाच कारणाने येत नाही. सकाळची भाकरी, कांदा, ठेचा हे एखाद्या घरात उन्हाळ्यापुरतं हलकं जेवण असतं. तर दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेल्या बाईच्या घरात ते सरपण वाचवण्यासाठी असतं, मग ऋतू कुठलाही असो. ताट सारखंच दिसतं. आपल्याला ताटामागचं कारण हवंय.

मग आज काय?

स्वीडनमध्ये 1892 मध्ये प्रायमस स्टोव्ह निघाला, पुढे तो आपल्या घरांतही आला. 1965 मध्ये कोलकात्यात इंडेनचं पहिलं कनेक्शन दिलं गेलं, आणि 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. चूल एकदा पेटली की तिचा निखारा, धूर, ऊब घरात राहते. गॅस बटणाने बंद होतो. त्यामुळे ‘आज चूल नको’ या निर्णयाचा अर्थच बदलला. आज आपण पिशवीतलं दही आणि पाकिटातले पोहे कालवतो तेव्हाही विस्तव हललेलाच असतो, फक्त आता तो डेअरीत आणि पोह्यांच्या गिरणीत असतो. तिथे उकाड्यात कोण उभं आहे, हा पुढच्या कोणाचा तरी विषय होऊ शकतो. घ्या, माझी हरकत नाही.

विषय ठरवताना माझ्या चुकीतून एवढं उचला. ‘परंपरा’, ‘शहाणपण’ असे शब्द सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर आले तर थांबा. तो निष्कर्ष आहे, प्रश्न नव्हे. प्रत्येक साधन कोणासाठी लिहिलंय ते आधी विचारा. आणि मुलाखतीत कोणी ‘काही नाही’, ‘असंच’, ‘त्यात काय सांगायचं’ म्हणालं, तर वही बंद करू नका. वेळ विचारा, हत्यारं विचारा, सोबत कोण होतं ते विचारा.

परवा आजीकडे रात्री जेवायला होते. उकाडा मरणाचा. मी म्हटलं, “आजी, चूलबिल काही नको, मी पोहे कालवते.” ती हसली आणि म्हणाली, “कालव. पण आधी ताक कोणी घुसळलंय ते वहीत लिही.”