रेषेवरून चालणारी मुले
नांदेड-लातूरकडच्या बालशिक्षणाचा शोध घेताना मला आधी आखाडे भेटले. निजामी राजवटीत आखाडा काढायलाही सरकारी परवानगी लागे. सामुदायिक व्यायामावर संशयाची नजर असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. तिकडे ताराबाई मोडकांनी माँटेसरी पद्धतीला देशी रूप देत १९४५मध्येच बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले होते. आखलेल्या रेषेवरून तोल सावरत चालणे हा त्याच पद्धतीतला व्यायाम. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना आली. लातूरजवळच्या एका अंगणवाडीत ताईंच्या टाळीवर मुले बेडूकउड्या मारून तशाच रेषेवरून चालताना मी पाहिली. वजनाची नोंद झाली, उड्यांची नाही. निवृत्त ताईंकडून हे आताच लिहून घ्यायला हवे.