यांत्रिक फिल्म कॅमेऱ्यांची दुरुस्ती

ज्या फिल्म कॅमेऱ्यांचे शटर विजेवर न चालता स्प्रिंग, दातेरी चाके व तरफा यांच्या बळावर चालते, अशा कॅमेऱ्यांची तपासणी, सफाई, वंगण आणि समायोजन या कामांना एकत्रितपणे यांत्रिक फिल्म कॅमेऱ्यांची दुरुस्ती असे म्हटले जाते. यांपैकी बहुतेक कॅमेऱ्यांचे उत्पादन बंद झाले असून त्यांचे सुटे भाग नव्याने तयार होत नाहीत. त्यामुळे या कामात भाग बदलण्यापेक्षा असलेला भाग वाचवण्याला अधिक महत्त्व असते. चुकीच्या दुरुस्तीने झालेले नुकसान पुष्कळदा भरून काढता येत नाही.

पार्श्वभूमी

ओस्कार बार्नाक यांनी रचलेला लायका कॅमेरा १९२५ साली जर्मनीतील लाइपझिग येथील व्यापारी मेळ्यात मांडण्यात आला आणि ३५ मिमी फिल्मचा वापर स्थिर छायाचित्रणात रुजला. १९२९ मध्ये दोन भिंगांचा रोलाइफ्लेक्स, तर १९५९ मध्ये जपानी बनावटीचा निकॉन एफ बाजारात आला. पेंटॅक्स के१००० या साध्या यांत्रिक कॅमेऱ्याचे उत्पादन १९७६ पासून १९९७ पर्यंत चालू होते. असे अनेक कॅमेरे आजही वापरात आहेत.

शटरची रचना

यांत्रिक शटरचे दोन मुख्य प्रकार आहेत. पडद्याचे शटर फिल्मच्या लगेच पुढे असते. त्यातील पहिला पडदा सरकल्यावर ठरावीक अंतराने दुसरा पडदा त्याच्यामागे धावतो आणि दोहोंमधील फटीतून फिल्मवर प्रकाश पडतो. वेगवान गतीला ही फट केवळ काही मिलिमीटर रुंद असते. पात्यांचे शटर भिंगाच्या आत असते. जर्मनीतील कॉम्पुर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दोन्ही प्रकारांत एक सेकंदासारख्या मंद गतींसाठी घड्याळाप्रमाणे दातेरी चाकांची मालिका वापरलेली असते.

सामान्य दोष

बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत भाग मोडलेले नसतात. त्यांतील वंगण सुकलेले असते. त्यामुळे प्रथम मंद गती बिघडतात आणि एक सेकंदाला लावलेले शटर मध्येच अडकते. पात्यांच्या शटरमध्ये तेल पात्यांवर पसरल्यास ती एकमेकांना चिकटतात. रबराचा लेप दिलेल्या कापडी पडद्यांना कालांतराने भेगा किंवा सूक्ष्म छिद्रे पडतात. लायकासारख्या कॅमेऱ्यात भिंग उघडे ठेवून ते सूर्याकडे रोखल्यास पडदा जळूही शकतो. दोन पडद्यांचा वेग समान नसल्यास छायाचित्राची एक बाजू काळवंडते. मागील झाकणाच्या कडेचा प्रकाशरोधक फोम चिकट होऊन झडतो आणि फिल्मवर प्रकाशाचे पट्टे उमटतात.

भिंगावर बुरशी वाढणे हा दमट हवेतील, विशेषतः कोकणासारख्या किनारी प्रदेशातील, नेहमीचा दोष आहे. बुरशीने काचेवरील लेप खाल्ला असल्यास सफाईनंतरही तिच्या खुणा राहतात. थोरियमयुक्त काचेची काही भिंगे वयानुसार पिवळी पडतात. सुपर-ताकुमार ५० मिमी एफ/१.४ या भिंगाची सात काचांची आवृत्ती त्यांपैकी एक असून अतिनील प्रकाशात ठेवल्यास तिचा पिवळेपणा कमी होतो.

दुरुस्तीची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी सर्व गती तपासून दोषाची नोंद केली जाते. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेऊन स्क्रू उतरवलेल्या क्रमाने ठेवले जातात. जपानी कॅमेऱ्यांतील स्क्रूंसाठी जपानी मानकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. नेहमीच्या फुलीच्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी खराब होतात. सुकलेले वंगण योग्य द्रावकाने काढल्यावर ठरावीक ठिकाणी सुईच्या टोकाएवढेच तेल दिले जाते. पाती मात्र कोरडीच ठेवावी लागतात. न उघडता बाहेरून तेल सोडल्यास शटर काही काळ चालते, पण ते तेल पात्यांवर किंवा पडद्यांवर पसरून मूळ दोषापेक्षा मोठा बिघाड होतो.

जोडणीनंतर प्रकाशसंवेदक असलेल्या उपकरणाने शटरची गती मोजतात. १/१००० सेकंदाची गती प्रत्यक्षात १/५०० भरल्यास फिल्मवर दुप्पट प्रकाश पडतो. रंगीत निगेटिव्ह फिल्म एवढी चूक बहुधा सांभाळून घेते. पारदर्शिका फिल्मवर मात्र चित्र फिके पडते. भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतरही तपासले जाते. निकॉन एफ बैठकीसाठी ते ४६.५ मिमी असून त्यात थोडा फरक पडला तरी दूरच्या वस्तू अस्पष्ट येतात.

प्रकाशमापक

यांत्रिक कॅमेऱ्याचे शटर बॅटरीशिवाय चालते. बॅटरी असलीच तर ती प्रकाशमापकापुरती असते. अनेक जुने मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेले होते. पाऱ्याच्या विषारीपणामुळे या बॅटऱ्या बाजारातून गेल्या. त्याजागी १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घातल्यास अनेक मापक चुकीचे मोजमाप दाखवतात. यावर मापकाचे पुनर्समायोजन करणे किंवा सुमारे १.४ व्होल्टची झिंक-एअर बॅटरी वापरणे, हे उपाय केले जातात.

वापर आणि जतन

प्रत्येक शटरचे नियम वेगळे असतात. झोर्की-४ या सोव्हिएत कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवून शटर ताणल्यानंतरच गती बदलावी लागते. आधी बदलल्यास यंत्रणेला इजा होऊ शकते. याउलट कॉम्पुर शटरच्या काही प्रकारांत सर्वांत वेगवान गती शटर ताणण्यापूर्वीच लावावी लागते. म्हणून अनोळखी कॅमेरा हाताळण्यापूर्वी त्याची माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक असते.

कॅमेरा दीर्घकाळ ठेवताना शटरचा ताण सोडावा, बॅटरी काढावी आणि चामड्याच्या आवरणाऐवजी सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात तो ठेवावा, असे सुचवले जाते. अधूनमधून सर्व गतींवर शटर चालवल्यास वंगण घट्ट होण्याचा वेग कमी होतो. एखादा भाग खरोखरच निकामी झाल्यास तो बहुधा त्याच प्रकारच्या दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढून घेतला जातो. अशा प्रत्येक दुरुस्तीमागे एक कॅमेरा कायमचा कमी होतो. त्यामुळे दुरुस्त होण्याजोगा कॅमेरा केवळ सुट्या भागांसाठी मोडू नये, असा संकेत अनेक कारागीर पाळतात.