परतीची शिदोरी

मनुष्य प्रथम देशांतरास निघतो तेव्हा त्याच्या सामानात भीतीचा भाग अधिक असतो. तिकडे काय मिळेल आणि काय मिळणार नाही याची त्याला कल्पना नसते. म्हणून औषधांच्या पुड्यांपासून सुईदोऱ्यापर्यंत सर्व काही तो बरोबर घेतो, आणि त्यातील निम्म्या वस्तू तेथे पोहोचल्यावर निरुपयोगी ठरतात. काही वर्षांनी तो मायदेशी येतो, आप्तेष्टांत महिना-दीड महिना राहतो, आणि ज्या देशास त्याने आपले मानले आहे तिकडे पुन्हा निघतो. या वेळी तो जे बांधतो ते मात्र पारखून बांधतो. कशावाचून चालते आणि कशावाचून चालत नाही, हे आता त्याला ठाऊक झालेले असते. म्हणूनच आम्हांस असे वाटते की, एखाद्या समाजाने आपल्या जन्मभूमीतून खरोखर काय घेतले हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने त्या समाजाचे जातानाचे सामान न पाहता परतीचे गाठोडे सोडून पाहावे.

या परतीच्या प्रवाशासाठी मराठीस नवा शब्द शोधण्याचे कारण नाही. आपल्या भाषेत तो शब्द फार जुना आहे, आणि तो म्हणजे सासुरवाशीण. जन्माचे घर एक व आयुष्याचे घर दुसरे, हा अनुभव आपल्याकडील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. विवाहसमयी मुलीबरोबर अन्नपूर्णा व बाळकृष्ण द्यावयाचे, ही आपली रूढी. पुढे ती माहेरी येई आणि परत जाई, तेव्हा ओटीत तांदूळ व नारळ पडत, आणि बैलगाडीत पापड, सांडगे, आमसुले यांची बोचकी चढत. सासरी तांदूळ पिकत नसत असे नव्हे. परंतु ओटीतील तांदूळ भुकेसाठी नसतातच. ज्या घरातून आपण निघालो ते घर अद्याप आपले आहे, याची ती साक्ष असते. समुद्रापार जाणाऱ्याच्या पेटीत जे असते, त्यातील बरेचसे या ओटीचेच मोठे रूप होय.

या दृष्टीने पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या गावाकडे पाहण्यासारखे आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म या गावी झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास राहिले, आणि विनोबांच्या बाळपणीच सर्व कुटुंब कोकण सोडून गुजराती मुलखात गेले. १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि थेट काशीस गेले. निघण्यापूर्वी त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली होती. इतक्या रिकाम्या हातांनी घर सोडणारा मनुष्य विरळा. परंतु १९१८ साली मातोश्री रुक्मिणीबाई निवर्तल्या, तेव्हा या विरक्त पुरुषानेही आईच्या दोन वस्तू आपल्यापाशी ठेवून घेतल्या: तिचे एक लुगडे आणि तिच्या पूजेतील अन्नपूर्णा. ते लुगडे ते उशाशी घेत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर, लुगडे खादीचे नाही म्हणून त्यांनी ते साबरमतीच्या पाण्यात सोडले; अन्नपूर्णाही पूजेसाठी दुसऱ्याच्या हाती दिली.

दोन्ही वस्तू गेल्या; मग उरले काय? आईची एक इच्छा उरली. गीता संस्कृतात असल्यामुळे तिला कळत नसे, आणि ती आपणास मराठीत मिळावी असे तिने मुलास सांगितले होते. ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी ‘गीताई’ लिहावयास घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पुरी केली. गागोद्याहून निघालेल्या शिदोरीतील जो भाग नदीत बुडाला नाही, तो हा. या कुटुंबाच्या बाबतीत वस्तू सुटल्या आणि भाषा राहिली, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण याच तालुक्यात व याच किनाऱ्यावर एका समाजाची कथा नेमकी उलट्या दिशेने गेलेली आहे.

तो समाज म्हणजे बेने इस्रायल. १९८१ पासून रायगड म्हणविणारा हा जिल्हा पूर्वी कुलाबा म्हणून ओळखला जाई, आणि या समाजाची वस्ती मुख्यत्वे येथील खेड्यांत होती. त्यांची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ व सामानसुमान समुद्रात गेले, आणि ‘शेमा’ ही एकच प्रार्थना त्यांच्या ओठांवर राहिली. या कथेचा काळ कोणता व तीत इतिहास किती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु एखादा समाज आपल्या उगमाविषयी जी कथा सांगतो, ती त्याच्या मनाचा इतिहास असतेच. आपण काहीही न घेता आलो, असे सांगणारे हे लोक आहेत.

रिकाम्या हातांनी आलेल्या या लोकांस कोकणाने काय दिले, हे पाहिले म्हणजे पुढील गाठोड्याचा उलगडा होतो. प्रथम धंदा दिला. त्यांनी तेलाचे घाणे चालविले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. त्यामुळे गावकरी त्यांस शनवार तेली म्हणू लागले. मग आडनावे दिली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर, वाक्रुळकर. मग सणांस नावे दिली. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेलेला या समाजाचा इतिहास ज्यांनी चाळला असेल, त्यांस खिरीचा सण, बिरड्याचा सण ही नावे आठवतील. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या दिवशी करावयाचा, त्या दिवसास येथे नाव पडले ते वालाच्या बिरड्यावरून!

त्यांचा धर्मनियमसुद्धा कोकणच्या पिकाने सुकर केला. मांस व दूध एकत्र करू नये असा यहुदी धर्माचा दंडक आहे. कोकणात नारळ पिकतो, आणि नारळाचे दूध हे दूध नव्हे. तेव्हा नियमास धक्का न लावता कालवण दाट व गोड करता आले. खवले व पर असलेला मासा चालतो. म्हणून पापलेट पानात आले आणि कोळंबी वर्ज्य झाली. सणाच्या द्राक्षरसाऐवजी काळ्या मनुका पाण्यात भिजवून त्यांचा रस निघू लागला. १८७४ साली पुण्यास छापलेल्या हग्गादा या त्यांच्या पोथीत वल्हांडणाची कथा हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत असून, तीतील चित्रांत स्त्रिया मराठी पद्धतीने लुगडी नेसलेल्या आहेत. ती कथाही मुळात सामानाचीच आहे: मिसर देशातून निघण्याची इतकी घाई झाली की, कणीक फुगण्यासही अवसर मिळाला नाही, आणि लोक ती तशीच परातींसकट कापडात गुंडाळून खांद्यावर घेऊन निघाले.

या सर्वांहून विशेष म्हणजे मलिदा. नवस फेडताना, लग्नापूर्वी किंवा एखादे शुभकार्य निर्विघ्न पार पडल्यावर, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या स्मरणार्थ एक ताट मांडावयाचे. त्या ताटात भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गूळ वा साखर, वेलची, सुका मेवा आणि निरनिराळी फळे असतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर या प्रेषिताच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा असून, नवस फेडणारे तेथे जातात. जगातील इतर यहुद्यांच्या घरी हे पोह्यांचे ताट दिसत नाही. ते या किनाऱ्यावरच जन्मले.

१४ मे १९४८ रोजी इस्रायल राष्ट्र स्थापन झाले, तेव्हा भारतात या समाजाची लोकसंख्या सुमारे २०,००० होती. पुढील दोन-तीन दशकांत त्यांतील बहुसंख्य लोक तिकडे गेले. येथे त्यांचा कोणी छळ केला म्हणून ते गेले नाहीत. शतकानुशतके ज्या नगरीचे नाव प्रार्थनेत घेतले तिकडे जाण्याची वाट उघडली, म्हणून गेले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत त्यांची वस्ती झाली. परंतु ज्यांस घरी आलो असे वाटले होते, त्यांस उंबरठ्यावरच थांबावे लागले. कामधंद्यात व वागणुकीत आपणांस दुय्यम लेखले जाते अशी अनेकांची तक्रार झाली. त्यांनी धरणे धरले, उपोषणे केली, आणि १९५२ ते १९५४ या काळात तीनशेहून अधिक माणसांस भारतात परत आणून सोडण्यात आले. काही वर्षांनी त्यांतील बहुतेक पुन्हा इस्रायलास गेले. १९६२ साली तेथील धर्मपीठाने या समाजाशी होणाऱ्या विवाहांपूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असे फर्माविले. तुम्ही खरे यहुदी आहात कशावरून, असाच त्याचा अर्थ होता. मोठी चळवळ झाली, आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे १९६४ साली इस्रायलच्या सरकारने जाहीर केले.

ही हकीकत लक्षात घेतली म्हणजे पोह्यांच्या पिशवीस निराळेच वजन येते. ज्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली जात होती, त्यांनी इतर यहुद्यांहून आपणांस वेगळे दाखविणारी प्रत्येक गोष्ट टाकून देणे व्यवहाराचे झाले असते. त्यांनी तसे केले नाही. उलट हैफा येथील कार्मेल डोंगरात एलियाहूची म्हणून जी गुहा दाखवितात, तेथे जाऊन त्यांनी मलिद्याचे ताट मांडले. खंडाळ्याची श्रद्धा कार्मेलवर गेली, ती पोह्यांसकट गेली. लग्नापूर्वीची मेंदी गेली, खोबऱ्याच्या रसातील कालवणे गेली, आणि पुष्कळांनी पेणकर, रोहेकर ही नावेही तशीच ठेवली. ज्या गावी पुन्हा राहावयाचे नाही, त्या गावाचे नाव मनुष्य आपल्या नावास जोडून ठेवतो, ही निष्ठा लहान म्हणता येणार नाही.

आता या समाजातील माणसे भारतात येतात, नवगावचे व खंडाळ्याचे दर्शन घेतात, आणि परत निघताना पिशव्या भरतात. पेणचे पोहे व पोह्याचे पापड, आमसुले, वाल, मसाले, मेंदी, हेच त्यांत असावयाचे. मुंबईचे चाकरमानी गणपती-शिमगा आटोपून परत निघताना याहून निराळे काय नेतात? पोह्यांस तर या बाबतीत पहिला मान आहे. भात भिजवून, भाजून, गरम असतानाच कांडला म्हणजे पोहे होतात. त्यांस पुन्हा शिजवावे लागत नाही, पाण्याचा हात लावला की पुरे. हलके, टिकाऊ आणि कोठेही खाता येणारे असे हे अन्न आहे. द्वारकेस निघालेल्या सुदाम्याच्या फडक्यात तेच होते, हे काही उगीच नव्हे. त्यांत एक आणखी सोय आहे. परदेशच्या जकातनाक्यांवर बियाणे, रोपे, ताजी फळे अडविली जातात, कारण त्यांबरोबर रोगकीड जाण्याची भीती असते. पोहे भाजलेले व कांडलेले, पापड वाळलेला, आमसूल सुकलेले. यांतील काहीही कोणत्याही मातीत उगवणार नाही, म्हणूनच ते सुखाने पलीकडे जाते.

आणि येथेच आमच्या मते या शिदोरीचे मर्म आहे. जे उगवत नाही ते दरवर्षी नव्याने भरून नेता येते. जे उगवावयास हवे, त्याचे काय? भाषेस कोणी जकातदार अडवीत नाही; तिला वजन नाही, परवाना नाही. पहिल्या पिढीने ती भरपूर नेली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्रायलात निघाले, आणि १९९६ साली जागतिक मराठी परिषदेचे अधिवेशनही तेथे भरले. परंतु तेथे जन्मलेली मुले हिब्रूत शिकतात, हिब्रूत भांडतात आणि हिब्रूतच स्वप्ने पाहतात. आजीचे मराठी त्यांस कळते, बोलता येते असे नाही, आणि त्यांच्या मुलांस कळतही नाही. मलिदा हा शब्द राहील, पोहे हा शब्द राहील. पण ताट मांडताना आजी जे सांगत असे ते वाक्य राहील की नाही, याची शंका आहे.

यात त्या समाजास दोष देण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. त्यांनी तरी पोह्यांची पिशवी आठवणीने भरली. बर्लिन-बोस्टनपासून सिडनीपर्यंत पसरलेल्या आपल्या मराठी कुटुंबांची स्थिती याहून वेगळी आहे, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती परदेशी रवाना होतात, आणि लोणच्याच्या बरण्या कपड्यांच्या घड्यांत जपून ठेवल्या जातात. पुस्तक मात्र वजनाच्या काट्यावर शेवटी बाहेर निघते. आणि बाहेर काढणारे बहुधा पोहोचविण्यास आलेले आपणच असतो. ‘ते राहू द्या, तिथे वाचणार कोण?’ असे आपणच म्हणतो.

गागोद्याच्या एका मातेने आपल्या मुलापाशी मागितले ते लुगडे नव्हे की दागिना नव्हे. मला कळेल अशा भाषेत मला सांग, एवढेच तिचे मागणे होते. परतीची पेटी बांधताना घरातील वडीलधाऱ्यांनी एवढी एक गोष्ट मनात आणावी. पोहे अवश्य द्यावेत, पापडही द्यावेत. ते दिल्यावाचून आपल्याकडे पाठवणी पुरी होतच नाही. परंतु पोहे पुढल्या वर्षी पुन्हा देता येतील. जे नातवंडांशी बोलूनच देता येते, ते यंदाच्या मुक्कामात दिले गेले की नाही, याचा हिशेब पेटीस कुलूप लावण्यापूर्वी एकदा करून पाहावा.