बुटातला खाऊ आणि आगबोटीतला बिशप

नेदरलँड्समधल्या पोरांना नाताळपर्यंत वाट बघावी लागत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासूनच ती रात्री शेगडीपाशी, हल्ली हीटरपाशी, बूट मांडून झोपतात. बुटात घोड्यासाठी एक गाजर. सकाळी गाजर गेलेलं असतं आणि त्या जागी मसाल्याची बिस्किटं किंवा आपल्या नावाचं चॉकलेटचं आद्याक्षर. 5 डिसेंबरच्या संध्याकाळी तर दारावर थाप पडते आणि उंबऱ्यात भेटवस्तूंचं पोतंच! हे सगळं आणतो सिंटरक्लास: लाल झगा, उंच टोपी, पांढरी दाढी. तो स्पेनहून आगबोटीने येतो आणि घोड्यावरून छपराछपरांवर हिंडतो. प्रथा फार जुनी, असं तिथे सांगितलं जातं. बुटापुरतं ते खरं आहे. आगबोट जुनी असेलच कशी?

सिंटरक्लासचा मूळपुरुष निकोलस. चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. 6 डिसेंबर ही त्याची पुण्यतिथी. त्याची सर्वांत लाडकी आख्यायिका हुंड्याची आहे, त्यामुळे ती आपल्याला फोड करून सांगायला नको. तीन उपवर मुली, बाप कफल्लक, मुलींना वाममार्गाला लावण्यावाचून गत्यंतर नाही. अशा घरात निकोलसने रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. 1087 साली इटलीतल्या बारी गावच्या खलाशांनी त्याच्या अस्थी मायराहून उचलून नेल्या. तो दर्यावर्दी लोकांचाही संत, त्यामुळे बंदरोबंदरी त्याची देवळं उभी राहिली. अ‍ॅमस्टरडॅमचं जुनं चर्च त्याच्याच नावाचं. पंधराव्या शतकात उत्रेख्तच्या निकोलस चर्चमध्ये त्याच्या सणाला बूट मांडले जात आणि त्यांत पडलेलं दान गोरगरिबांना वाटलं जाई. म्हणजे बूट आधी गरिबांचा होता. लाडक्या लेकरांचा नंतर झाला.

पुढे धर्मसुधारणेची लाट आली. 1578 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सत्ता प्रोटेस्टंटांकडे गेली, संतांच्या मूर्ती हटल्या. सतराव्या शतकात डेल्फ्ट, अ‍ॅमस्टरडॅम अशा शहरांनी या सणावर फतवे काढले: संताच्या आकाराचे केक भाजू नका, बाहुल्या विकू नका. पण भटारखान्यांचा धंदा आणि घरोघरची हौस फतव्यांना थोडीच जुमानते!

त्याचा पुरावा यान स्टेन या चित्रकाराने ठेवलाय. 1660 च्या दशकातलं त्याचं चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात एक चिमुरडी बाहुली छातीशी घट्ट धरून उभी आहे, हातातली बादली खाऊने भरलेली. शेजारी तिचा थोरला भाऊ रडतोय, कारण त्याच्या बुटात निघालीय काटक्यांची जुडी, खोडकर पोरांसाठीचा प्रसाद. धाकटा भाऊ त्याच्याकडे बोट दाखवून हसतोय. मागे आजी पलंगाचा पडदा धरून रडणाऱ्याला बोटाने खुणावते आहे. तिथे काहीतरी दडवलेलं असणार. आणखी एक मुलगा कडेवरच्या बाळाला धुराडं दाखवतोय. बिशप मात्र चित्रात कुठेच नाही. मला वाटतं, बंदीने सणाचं भलंच केलं. संत चौकातून हद्दपार झाला आणि धुराड्यात शिरला, जिथे कुणा शिपायाचा हात पोहोचत नाही.

छपरावरच्या घोड्याचं नातं नॉर्स पुराणांतल्या ओडिन देवाच्या आठ पायांच्या घोड्याशी जोडणारेही आहेत. पुरावा बेताचाच.

आगबोटीची जन्मतारीख मात्र पक्की आहे. यान स्खेंकमन या अ‍ॅमस्टरडॅमच्या शाळामास्तरने 1850 साली मुलांसाठी पद्यात एक सचित्र पुस्तक लिहिलं. बिशप स्पेनहून वाफेच्या बोटीने येतो हे त्यातलं, आणि त्याच्यासोबतचा काळा नोकरही त्यातलाच. त्या देशात पहिली रेल्वे धावून तेव्हा अवघी 11 वर्षं झाली होती, म्हणजे वाफेचा जमाना नवाच होता आणि मास्तरांनी संताला त्यातलंच एक वाहन दिलं. नोकराला पुस्तकात नाव नाही. पुढे तो ‘झ्वार्ते पीट’, म्हणजे काळा पीट झाला. पुस्तक निघालं तेव्हा सुरीनाम या डच वसाहतीतल्या मळ्यांवर गुलाम राबत होते. गुलामगिरी उठली 1863 मध्ये. अलीकडे चेहरा काळा रंगवून पीट होण्यावर मोठा वाद पेटला, मोर्चे निघाले, धरपकड झाली. ‘आमची शतकानुशतकांची परंपरा’ म्हणणाऱ्यांना मास्तरांच्या पुस्तकाचं साल दाखवायला हवं होतं. आता अनेक ठिकाणी पीटच्या गालांवर काजळीचे नुसते फराटे असतात: धुराड्यातून उतरलाय, म्हणून.

बोटीतून उतरणाऱ्या बिशपची मिरवणूक तर त्याहूनही अलीकडची. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ती 1934 साली सुरू झाली, आणि 1952 पासून टीव्हीवर दिसू लागली.

मोठ्यांचा वाटा वेगळा. ते आधी चिठ्ठ्या टाकतात. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी भेट, आणि सोबत स्वतः रचलेली चारोळी किंवा लांबलचक कविता. तिच्यात काकाचा चिक्कूपणा, वहिनीचं उशिरा येणं, सगळ्याचा उद्धार असतो. ती ज्याची त्यानेच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. खाली सही सिंटरक्लासची, त्यामुळे भांडायचं कुणाशी?