किती देव?

माघ पौर्णिमेला दरेकसा स्टेशनवर गाडी थांबली की फलाट पिवळा होऊन जातो. पिवळे फेटे, पिवळे झेंडे, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरे. सगळ्यांची वाट धनेगावकडे आणि तिथून कचारगडच्या गुहेकडे. सालेकसा तालुक्यातल्या याच डोंगरात कोंडलेल्या लेकरांना आदिगुरू पारी कुपार लिंगोने सोडवले आणि त्यांची सगांमध्ये, म्हणजे देवांच्या संख्येवरून ओळखल्या जाणाऱ्या कुळगटांमध्ये, वाटणी करून दिली, अशी गोंडांची श्रद्धा आहे. या गर्दीत दोन अनोळखी माणसे 'जय सेवा' म्हणतात, आडनाव विचारतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "किती देव?" उत्तर एका शब्दाचे : चार, पाच, सहा किंवा सात. आकडा सारखा निघाला तर दोघे भाऊ, त्यांच्या घरांत सोयरीक होणार नाही. वेगळा निघाला तर बोलणी पुढे जाऊ शकतात.

शिकलेल्या लोकांचा समज असा, की याला नियम म्हणता येत नाही, ही नुसती रूढी. नियमाला कलम हवे, व्याख्या हवी, अपवाद हवेत, तळाशी सांगितलेले तत्त्व हवे. जे लिहिलेच नाही ते मांडले कधी, आणि मांडलेच नाही त्याला शास्त्र कसे म्हणायचे? हा पूर्वपक्ष मी वकिलांकडून ऐकला, शिक्षकांकडून ऐकला आणि कॉलेजात शिकणाऱ्या गोंड मुलांकडूनही ऐकला. मुलांच्या तोंडून ऐकताना तो फार लागला.

हा पूर्वपक्ष टिकत नाही. नियमबद्धतेचा कळस म्हणून आपण पाणिनीच्या अष्टाध्यायीकडे बोट दाखवतो. तिच्यात सुमारे ४००० सूत्रे आहेत. त्यांत कोणता स्वर 'इत्' समजून गाळायचा हे अनुनासिक उच्चारावरून ओळखावे आणि कोणत्या सूत्राचा अधिकार पुढे चालवायचा हे स्वरितावरून, असे खुद्द पाणिनीनेच सांगितले आहे. या उच्चारातल्या खुणा आपल्या हाती आलेल्या पोथ्यांत उतरलेल्या नाहीत. आज अनुनासिक कुठे धरायचा ते परंपरा सांगेल तसे मानावे लागते. नियम कागदावर आला आणि त्यातला काही भाग वाटेत सांडला.

आता कलमांचेच उदाहरण घेऊ. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. सपिंड कोण हे ठरवताना तो वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या मोजतो, म्हणजे तिथेही काम शेवटी आकड्यानेच भागते. या मोजणीत मामाची मुलगी निषिद्ध ठरते. ती करून घेण्याची चाल महाराष्ट्रात जुनी, आणि अशा चालींसाठी त्याच कायद्यात रूढीची सवलत ठेवावी लागली. गोंडांचा आकडा लावून पाहा. आई नेहमी दुसऱ्या आकड्याच्या घरातून आलेली. मामा तिच्याच आकड्याचा, त्याची मुलगीही त्याच आकड्याची. मामेबहीण आपसूक सोयरिकीत बसते, काकाची मुलगी आपसूक बाहेर राहते. वेगळा अपवाद लिहावा लागत नाही. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा हा हिशेब चुलीपुढे बसून करते. शिवाय १९५५ चा तो कायदा, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागूच नाही. सालेकशातल्या गोंड घरात लग्नापुरता हा आकडाच कायदा आहे.

आकड्याच्या जोडीला आडनाव. टेकामांचा साग, मरकामांचा आंबा. ज्याचे झाड त्याने ते तोडायचे नाही. नाव घेतले की नियमाचा उच्चार झाला.

कोणी म्हणेल, मुलूख बदलला की कुळांचे आकडेही बदलतात. बदलतात. मिताक्षरा आणि दायभाग यांनीही वारसा वेगवेगळा सांगितला, म्हणून धर्मशास्त्राला कोणी अव्यवस्थित म्हटले नाही.

खरा वजनदार आक्षेप दुसरा आहे : अलिखित नियम बलवानाच्या बाजूने वाकतो, बाईच्या वाट्याला काही येत नाही. यात तथ्य आहे, आणि जमिनीच्या वाटणीचा नियम लग्नाच्या नियमाइतका स्वच्छ मांडलेला नाही हेही मला मान्य आहे. पण छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात काय घडले ते पाहा. मुलीला वाटा देणारी रूढी सिद्ध करा, असे खालच्या न्यायालयांनी तिच्याच वारसांना सांगितले, आणि ती सिद्ध झाली नाही म्हणून दावा फेटाळला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मुलीला वगळणारी रूढीही कोणी दाखवली नव्हती, आणि तिच्या वारसांना समान वाटा मिळाला. तिचा वाटा अडवला तो रूढीने नव्हे. रूढी सिद्ध झाली नाही तिथे मुलीला वगळणे गृहीत धरले गेले, त्याने अडवला.

म्हणून कचारगडला वही घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आल्या आल्या कलमे पाडू नका. आधी 'किती देव' विचारा, मिळेल तो आकडा ज्या शब्दांत मिळाला त्याच शब्दांत उतरवा, सोबत गावाचे नाव घाला. आणि जमिनीबद्दल विचारायचे असेल तर बायकांना विचारा. त्यांचे उत्तर पहिल्या पानावर लिहा.