कुंडलिकेकाठचा घाणा



तेल अवीवला यार्कोन नदीजवळ एरेत्झ इस्राएल म्युझियम आहे. आपली नातवंडं शाळेच्या तियूलला तिथे जातात. ऑलिव्हचं तेल काढायचा जुना घाणा तिथे मांडून ठेवला आहे. मुलं घरी येऊन सांगतात, "सावता, आज आम्ही बेत बद पाहिला." आम्ही कौतुकाने ऐकतो. पण "अरे, तुझ्या खापरपणजोबांचाही घाणाच होता" हे वाक्य आपल्यातल्या किती जणांच्या तोंडून निघतं?

निघत नाही, कारण लाज वाटते. कोकणात तेल्याचा धंदा हलका मानत. आपण शनिवारी घाणा जुंपत नसू, म्हणून गावाने नाव ठेवलं "शनवार तेली". पुढे माणसं मुंबईला आली, पलटणीत भरती झाली. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, ते पलटणीतलेच. मग रेल्वे, कचेऱ्या, हॉस्पिटलं. घाण्याचं नाव घरात निघेनासं झालं. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये आपला इतिहास लिहून पुरा केला, त्यात तेलाचा धंदा लपवला नाही. ते पुस्तक छापलं गेलं १९३७ मध्ये, तेही तेल अवीवलाच.

म्हणून आम्हाला वाटतं, कोकणात नदीकाठी एक शिक्षणकेंद्र व्हावं, आणि ते कुंडलिकेच्या काठी व्हावं. या नदीच्या एका तीरावर रोहा, समोर अष्टमी. रोहेकर आणि अष्टमकर ही आडनावं आली कुठून, हे वेगळं सांगायला नको. खाली मुखाशी रेवदंडा, तिथे आपलं बेथ एल सिनेगॉग. शेजारी चौल, चेऊलकरांचं गाव. भरतीच्या पाण्यावर मचवे खाडीतून रोह्यापर्यंत येत, माल घेऊन परत जात.

औद्योगिक वारसा म्हटलं की लोकांना मुंबईच्या गिरण्यांची धुराडी आठवतात. कुंडलिकेलाही मोठं यंत्रयुग दिसलं. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून टाटांनी १९२७ मध्ये वीज सुरू केली, ते पाणी आजही याच नदीत येतं. त्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. केंद्रात भिऱ्याचा नकाशा लावाल तर हीसुद्धा गोष्ट लिहा. नुसत्या कौतुकाचं म्युझियम आम्हाला नको.

आता इमारत. आम्ही काही इंजिनियर नाही, पण कोकणातला पाऊस पाहिलेला आहे. आषाढ-श्रावणात कुंडलिका काठ सोडून येते, तेव्हा जोतं उंच हवं. भिंती जांभ्याच्या, वर कौलं, पडवी चारी बाजूंनी रुंद. पुस्तकं आणि जुने केतुबा वरच्या मजल्यावर ठेवा, ओल लागायला नको. मधली खोली मात्र घाण्याची. तिचं माप बैलाने ठरवावं. बैल मोकळा फिरेल आणि त्याच्या वाटेबाहेर मुलं बसतील, एवढी ती मोठी हवी.

आणि घाणा चालता हवा. काचेमागे ठेवलेलं लाकूड पाहून काय कळणार? उखळात तीळ पडताना दिसावेत, लाट कुरकुरताना ऐकू यावी, बैलाच्या डोळ्यांवर झापडं का बांधतात ते मुलांनी विचारावं. खोबरं, तीळ, कारळे यांचं तेल वेगवेगळं हुंगून बघावं. दिव्यासाठी उंडीचं तेल वापरत, तेही दाखवावं. पेंड हातात घेऊन बघावी, कारण घाणेवाल्याची गुरं त्या पेंडीवरच जगत. नर्सच्या नोकरीत आम्ही खूप म्हातारी माणसं सांभाळली. तारखा विसरलेली, मुलांची नावं विसरलेली. पण उशाशी तिळाचं तेल नेलं की एखादी आजी गावाचं नाव घेऊन बोलायला लागायची. चालता घाणा डोळ्यांनी पाहिलेली आपली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. इमारत होईल तेव्हा होईल, त्यांचं बोलणं मात्र आजच फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. घाणा कुठे होता, कोण हाकायचं, तेल विकायला कोण जायचं, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

शनिवारी केंद्र उघडं ठेवा, घाणा बंद. जू उतरवलेलं, उखळ रिकामं, बैल बाहेर चिंचेखाली बांधलेला. बाजूला मराठीत आणि हिब्रूत पाटी लावा: "शनवार तेली". शुक्रवारी दिवे लागायच्या आत जू कोण उतरवणार, ते मात्र आधी ठरवायला हवं. रोहा-अष्टमीकडे आपली घरं आता मोजकीच राहिली आहेत.