उलांडी, कोलेक आणि घडीची होडी

अरुंद होडी पळते, पण उलटते. रुंद होडी उलटत नाही, पण पळतही नाही. शिडाच्या होड्यांचा निम्मा इतिहास म्हणजे या एका अडचणीवर माणसांनी काढलेले तोडगे आहेत. आज त्यातले तीन तोडगे बघूया. सिंगापूरमध्ये बसून हे तिन्ही एकत्र दिसतात, म्हणून सुरुवात इथूनच.

पहिला तोडगा कोलेकचा. कोलेक म्हणजे या सामुद्रधुनीतल्या मलय आणि ओरांग लाउत लोकांची निमुळती होडी. 1830च्या दशकापासून सिंगापूरमध्ये नववर्षाला होड्यांच्या शर्यती व्हायच्या, आणि त्यात कोलेक हमखास असायची. होडी जेमतेम माणसाच्या रुंदीची आणि शीड मात्र भलंमोठं. मग ती उलटत कशी नव्हती? खलाशी डोलकाठीला बांधलेले दोर धरून होडीच्या काठावर उभे राहायचे आणि अख्खं शरीर पाण्यावर बाहेर झोकून द्यायचे. वाऱ्याचा जोर वाढला की आणखी बाहेर, कमी झाला की आत. माणसंच वजन, माणसंच तराजू. इंग्लंडमध्ये 1938 साली पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांनी असंच डोलकाठीच्या दोराला लटकून प्रिन्स ऑफ वेल्स कप जिंकला. लोकांना ते इतकं नवं वाटलं की त्यावर लगेच बंदी आली. आज ऑलिंपिकमध्ये त्याच युक्तीला ट्रॅपीझ म्हणतात. सिंगापूरच्या खलाशांना मात्र ती कधीचीच ठाऊक होती.

दुसरा तोडगा आपल्या घरचा आहे. रत्नागिरी-मालवणकडे होडीच्या एका बाजूला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला, पाण्यावर तरंगणारं एक लाकूड बांधलेलं असतं. त्याला म्हणतात उलांडी. होडी त्या बाजूला कलली की लाकूड तरंगून वर रेटतं, दुसऱ्या बाजूला कलली की त्याचं वजन खाली ओढतं. भारतीय होड्यांचा अभ्यास करणारे जेम्स हॉर्नेल यांनी 1920 साली अशा होड्यांचं नातं थेट आग्नेय आशियाशी जोडलं होतं. म्हणजे कोकणी माणूस सिंगापूरला विमानाने यायच्या कितीतरी आधी होडीची एक कल्पना उलट दिशेने प्रवास करून गेली असावी. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, उलांडी दोरांनी बांधलेली असते, खिळ्यांनी ठोकलेली नाही. लाटांबरोबर ती थोडी हलते, आणि हवी तेव्हा सोडताही येते.

तिसरा तोडगा म्हणजे घडीची ट्रायमरान. हा शब्दच पाहा. तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडं, त्याचं इंग्रजीत ‘कॅटामरान’ झालं. मग 1940च्या दशकात अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्हिक्टर चेचेट यांनी त्याच्या शेपटाला ‘ट्राय’ जोडलं. मधे मुख्य होडी आणि दोन्ही बाजूंना एकेक तरंगता हात. वेग भरपूर, पण ठेवायची कुठे? मरीनातली जागा मोजून मिळते, आणि रस्त्यावरून न्यायची तर रुंदीला कायदा आड येतो.

न्यूझीलंडच्या इयन फॅरियर यांनी 1970च्या दशकात ऑस्ट्रेलियात यावर उत्तर शोधलं. त्यांनी हातांना असे सांधे बसवले की बोल्ट काढून ढकललं की बाजूचे हात खाली आणि आत वळून मुख्य होडीला चिकटतात. नाकतोडा पाय पोटाशी घेतो तसं. कॅलिफोर्नियातल्या कॉर्सेअर मरीनने 1985 साली आणलेली त्यांची एफ-27 उघडली की सुमारे 5.8 मीटर रुंद, मिटली की 2.6 मीटरच्या आत.

पण घडीची किंमत मोजावी लागते, आणि सिंगापूरमध्ये ती लगेच कळते. मिटलेल्या अवस्थेत बाजूचे हात आडवे होतात, एरवी कोरड्या राहणाऱ्या त्यांच्या भिंती पाण्यात बुडतात, आणि उष्ण पाण्यात काही आठवड्यांतच त्यावर शिंपले आणि शेवाळ चढतं. गुळगुळीतपणा गेला की वेग गेला. दुसरी अडचण वाऱ्याची. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ वारा बहुतेक वेळ मंद असतो. म्हणून मालक होडीत बदल करतात. पुढे लांब दांडा लावून हलकं मोठं शीड चढवायचं, वाऱ्याच्या दिशेनुसार फिरणारी डोलकाठी बसवायची, आतलं अनावश्यक सामान काढून वजन घटवायचं.

इथेच खरा पेच आहे. याच पाण्यात एप्रिल ते नोव्हेंबरच्या दरम्यान पहाटे ‘सुमात्रा’ नावाची वादळी रांग येते. वारा बघता बघता ताशी 40 ते 80 किलोमीटरवर जातो. मंद वाऱ्यासाठी वाढवलेलं शीड तेव्हा गळ्याशी येतं. शिवाय ट्रायमरान एकदा पूर्ण पालथी झाली की स्वतःहून सरळ होत नाही, कारण उलटीसुद्धा ती तितकीच स्थिर असते. शीड वाढवलं तर बाजूच्या हातांची तरंगशक्ती वाढवावी लागते. ती वाढली की सांध्यांवर जास्त ताण येतो. एक सुधारणा दुसरीला बोलावते. कोलेकवर हा सगळा हिशोब खलाशाच्या शरीरात व्हायचा, आता तो बोल्टच्या जाडीत होतो.

फॅरियर यांच्या घडीला पेटंट मिळालं आणि ते योग्यच होतं. पण उलांडी कोणी शोधली, कोलेकवरून पहिल्यांदा बाहेर कोण झुकलं, याची नोंद कुठेच नाही. नाव नसलं की कष्टाने शोधलेली युक्ती आपोआप ‘परंपरा’ होते, आणि परंपरेत कोणी सुधारणा केली असेल हे आपल्या डोक्यातच येत नाही.

सिंगापूरच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचे लोक ‘जोंग’ नावाच्या छोट्या शिडाच्या होड्या बनवून शर्यतीत सोडायचे. जोंगमध्ये माणूस बसत नाही, म्हणून तिला उलांडी असते. कोलेकवर माणूस असतो, म्हणून तिला नसते. एवढा नेमका विचार त्या बेटांवर झाला होता. पुढे बेटं रिकामी करण्यात आली. पुलाऊ सेमाकाऊवर 1999 पासून शहराचा कचरा पुरला जातो. जोंग बनवणारे थोडे हात आता शहरातल्या इमारतींमध्ये राहतात.

कोकणात कोणी नातेवाईक असतील तर पुढच्या फोनवर ‘उलांडी’ हा शब्द त्यांना विचारून बघा. कदाचित कोणी सांगेल की आजोबांनी तिच्या दांड्या थोड्या लांब केल्या होत्या, आणि का. ते लिहून ठेवा, नावासकट.